दंडावरचा सेन्सर आणि दहावीतली लेक

ज्यांच्या घरी टाइप वन डायबेटीसचं मूल आहे आणि दंडाला चिकटून सतत शुगर मोजणारा सेन्सर घ्यावा की नाही असं ज्यांचं चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. परवडत असेल तर जरूर घ्या. सारखा परवडत नसेल तर अधूनमधून तरी लावा. आणि मूल तेरा-चौदाच्या पुढचं असेल तर तो दंडाला लावायच्या आधी घरात बसून ठरवा, की आकडा कोणी बघायचा आणि बघितल्यावर कोणी कधी बोलायचं. यंत्राची माहिती दुकानदार देतो, डॉक्टर देतात. ही दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी लेक दहावीत आहे. सहावीत असताना तिची शुगर निघाली, तेव्हापासून रोज इन्सुलिनची चार इंजेक्शनं. एक चोवीस तासांचं आणि तीन जेवणाआधीची. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे, त्यामुळे मी दिवसभर घराबाहेर. ती शाळा, क्लास आणि खो-खोचा सराव यात. बोट टोचून बघायचं तर दिवसातून चार-पाचदा बघून होतं, आणि मधल्या वेळात काय चाललंय ते देवाला ठाऊक. सेन्सर घेतला तो या मधल्या वेळासाठी.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धर्तीचे एकाहून जास्त सेन्सर बाजारात आहेत आणि मी सांगतेय त्यातलं बरंचसं सगळ्यांना लागू पडतं. आम्ही वापरतो तो चौदा दिवस चालणारा, दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठी पांढरी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला लावायचा. लावायच्या यंत्रातली सुई आत जाऊन त्याच झटक्यात बाहेर येते. कातडीखाली राहतो तो पाचेक मिलिमीटरचा मऊ तंतू. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अतिशय सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा निघतो. लावल्यावर एक तास थांबायचं, मग फोनवर आकडे यायला लागतात. लेकीच्या शब्दांत, बोट टोचण्यापेक्षा कमी दुखतं.

एक गोष्ट नीट समजून घ्या. हा सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो. रक्तात बदल झाला की तो तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. एरवी यानं काही बिघडत नाही, पण शुगर लो झाली की फार फरक पडतो. समजा ६० वर आली. पंधरा ग्रॅम ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटं थांबलो. बोटातली शुगर ८८ दाखवतेय, मुलीचा थरकाप थांबलाय, आणि सेन्सर अजून ६३ वरच अडकलाय. तो आकडा बघून घाबरून आणखी साखर दिली की तासाभरात २५० च्या पुढे. म्हणून लो झाल्यावर सावरली की नाही ते बोट टोचूनच बघायचं. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपा कपाटात टाकून द्यायच्या नाहीत. नवा सेन्सर लावल्यावर पहिल्या दिवशीचे आकडे तर मी पडताळल्याशिवाय धरतच नाही. पुढच्या दिवसांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक राहतो, तो चालतो.

माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे आकड्याशेजारचा बाण. बाण आडवा असला तर शुगर जवळजवळ स्थिर. तिरका असला तर मिनिटाला एक-दोन अंकांनी सरकतेय. उभा असला तर मिनिटाला दोनहून जास्त. म्हणजे ११० आणि आडवा बाण असेल तर निवांत सरावाला जा, पण ११० आणि बाण उभा खाली असेल तर वीस मिनिटांत ७० च्या आत येणार. बोट टोचून दोन्ही वेळा ११० च दिसलं असतं. आता संध्याकाळी मैदानावर जायच्या आधी ती बाण बघते, तिरका खाली असला तर अर्धं केळं खाते आणि पळते. पूर्वी डाव अर्ध्यात सोडून, मातीनं भरलेले हात धुऊन बोट टोचायला लागायचं. हात नीट धुतले नाहीत तर आकडाही चुकतो. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ती पण माझ्याबरोबर हंडे-बादल्या भरते, आणि बाण खाली वळतो. पाणी भरणं हाही व्यायाम आहे आणि त्याला इन्सुलिनच्या हिशेबात जागा आहे, हे मला फोनवर दिसणाऱ्या शुगरच्या आलेखानं दाखवलं.

जेवणाचं तर विचारूच नका. इंटरनेटवरचे तक्ते ओट्स आणि ब्राउन ब्रेडचे. आमच्या ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. पन्नासेक ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी धरली तर तिच्यात पस्तीसेक ग्रॅम कर्बोदकं येतात. तेवढी कर्बोदकं भातातून घेतली तर रेष तासाभरात ताडकन वर जाते. भाकरी-चटणी-उसळीला ती सावकाश चढते. आधी उसळ आणि काकडी खाऊन मग भाकरी घेतली तर आणखी सावकाश. इंजेक्शन जेवणाआधी पंधरा मिनिटं घेतलं की उंचवटा किती उतरतो, हेही तिनं स्वतः बघितलं. आता आठवण करावी लागत नाही. माझ्या सांगण्यापेक्षा त्या रेषेवर तिचा विश्वास जास्त आहे, आणि ते बरंच आहे.

संक्रांतीच्या दिवसांतली शेंगापोळी मात्र वेगळं प्रकरण. सोलापुरात राहून गड्ड्याच्या यात्रेत शेंगापोळी खायची नाही असं मी मुलीला सांगू शकत नाही, सांगायचंही नाही. तिच्यात गूळ आहे, पण दाण्याच्या कुटातलं तेलही भरपूर. तेलामुळे पचन लांबतं. पोळी खाल्ल्यावर पहिल्या तासात रेष अगदी शहाण्यासारखी खाली. जेवणाआधी घेतलेलं इन्सुलिन तेव्हा पूर्ण जोरात असतं, त्यामुळे मध्येच लो व्हायची भीती. मग दीड-दोन तासांनी शुगर चढायला लागते, आणि तोपर्यंत इन्सुलिनचा जोर ओसरत आलेला. पोळीनं शुगर वाढत नाही असं म्हणून नातेवाईक जो सल्ला देतात, तो पहिल्या तासातल्या आकड्यावर बेतलेला असतो. आम्ही तो आलेख डॉक्टरांना दाखवला. त्यांनी डोस दोन भागांत करून दिला, थोडा आधी आणि थोडा नंतर. हा आमच्या मुलीसाठीचा हिशेब आहे, तुमच्या मुलाचा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

डॉक्टरांसाठी चौदा दिवसांचा अहवाल पीडीएफमध्ये निघतो, तो व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो. त्यातला मुख्य आकडा म्हणजे शुगर ७० ते १८० च्या मध्ये किती वेळ राहिली. साधारण ७० टक्के वेळ, म्हणजे दिवसातले जवळपास सतरा तास, त्या पट्ट्यात राहावेत असं उद्दिष्ट असतं. ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांच्या आत. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी, आणि सरासरीत ४५ सुद्धा झाकले जातात आणि ३५० सुद्धा. आमच्या अहवालात दिसलं की पहाटे तीननंतर, पोटात अन्नाचा कण नसताना, शुगर हळूहळू वर चढते. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे जास्त. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवसही तसेच, त्याच जेवणाला त्याच डोसवर शुगर वरच राहते. हे कळल्यावर घरातला एक आरोप कायमचा गेला. सासूबाई म्हणायच्या, "रात्री गुपचूप काहीतरी खात असणार पोरगी." मी त्यांना आलेख उघडून दाखवला, पहाटेची रेष बोटानं दाखवली. त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे झोपेतच वाढते व्हय." त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

आता तक्रारी.

पहिली रात्रीची. मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबामुळे तिथला द्रव कमी होतो आणि सेन्सर खोटा लो दाखवतो. रात्री दोनला अलार्म कर्कश वाजतो, फोनवर ५८. बोट टोचलं तर ११४. मुलीला कूस बदलायला लावली की थोड्या वेळात आकडा आपोआप वर येतो. याची खूण अशी, की आलेख सरळ चाललेला असताना एकदम खड्ड्यात पडावा तसा खाली जातो आणि तसाच वर येतो. खरा लो सहसा उतरत उतरत येतो. तरीही रात्री ५८ दिसलं की टोचून बघायचंच, अंदाजावर सोडायचं नाही. आम्ही आता सेन्सर नेहमीच्या कुशीच्या उलट्या दंडाला लावतो.

दुसरी तक्रार चिकटण्याची. सोलापूरचा एप्रिल-मे, बाहेर ४२-४३ अंश आणि त्यात खो-खो. घामानं कडा सुटतात, मग दप्तराच्या पट्ट्यात अडकून चकती निघते. दहा दिवस शिल्लक असताना पाच हजारांची वस्तू हातात आली की डोळ्यांत पाणी येतं. आम्हाला लागू पडलेलं सांगते. लावायच्या दिवशी डोक्याला तेल नको. वेणी घालताना तेलाचे हात दंडाला लागतात, ते साबणानंही पुरतं जात नाही. दंड स्पिरिटनं पुसल्यावर पूर्ण वाळू द्यायचा, पंख्याखाली दोन मिनिटं बसायचं. आणि वरून मधोमध भोक असलेली गोल चिकटपट्टी लावायची, ती वेगळी मिळते. उन्हाळ्यात या पट्टीशिवाय सेन्सर लावूच नका. घरपोच मागवत असाल तर मे महिन्यात टाळा. गाडीत डबा किती तापला ते आपल्याला कळत नाही, आणि डब्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते. मी दुकानातून स्वतः आणते आणि डब्यावरची मुदत तिथेच बघते.

एक सेन्सर मध्येच बंद पडला होता. कंपनीनं बदलून दिला, पण सीरियल नंबर, फोटो, फोनवर ताटकळणं असं सगळं करून. चौदा दिवस पुरे होईपर्यंत डबा फेकू नका. आणि लावायचं यंत्र सरळ कचऱ्यात टाकू नका, आत सुई असते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावा. घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताचा विचार आपण करायला पाहिजे.

आणखी दोन बारीक गोष्टी. एमआरआय असेल तर बरेच सेन्सर काढावे लागतात, आधी विचारून घ्या. आणि सर्दीत मुलं चघळतात त्या क जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी काही सेन्सर खोटी जास्त शुगर दाखवतात. त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर धोका. माहितीपत्रकात बघून घ्या.

शाळेचं. मोबाइलला बंदी, हे उत्तर आम्हालाही मिळालं. फोन साधारण वीस फुटांच्या आत असला तरच अलार्म वाजतो. दूर असला तर सेन्सर आठ तासांची नोंद आपल्यापाशी साठवतो, फोन जवळ आला की आलेखातली रिकामी जागा भरते, पण तेवढ्या वेळात लो झालं तर कोणाला कळत नाही. डॉक्टरांचं पत्र दिलं. शिवाय राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं 2023 मध्ये राज्यांना पत्र लिहून टाइप वनच्या मुलांना वर्गात आणि परीक्षेत शुगर तपासणं, इन्सुलिन, खाऊ याची मुभा द्यावी असं सांगितलेलं आहे, त्याची प्रत जोडली. आता फोन दप्तरात असतो, आणि वर्गशिक्षिकांच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजची पुडी. दहावीच्या परीक्षेसाठीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत आताच देऊन ठेवलाय. ज्यांची मुलं बोर्डाला आहेत त्यांनी हे डिसेंबरवर ढकलू नये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सेन्सरचा आकडा आई-बापांच्या फोनवरही येतो. ही सोय फार मोठी आहे आणि वयात आलेल्या मुलाच्या घरात तीच सगळ्यात नाजूक आहे. विचार करा, पंधरा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर सात रस्त्याला उभी आहे, पाणीपुरी खाल्लीय, आणि फोन वाजतो, "२१० झालीय, काय खाल्लंस?" कोणाला आवडेल? फोनचं ब्लूटूथ बंद केलं की आपल्याकडे आकडा येतच नाही, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. एकदा त्यानं ते बंद करायला सुरुवात केली की पाच हजारांचा सेन्सर दंडावर नुसता चिकटलेला राहणार.

माझ्या लेकीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, फोन केलास तर आधी मला विचार, मग शुगरला." आम्ही तिघं बसलो आणि ठरवलं, आणि ते तिच्याच अक्षरात फ्रिजवर लावलंय. ७० च्या खाली गेली तर आधी तिचं तिनं बघायचं. दहा मिनिटांत "खाल्लं" एवढा मेसेज आला नाही तर मी फोन करणार, आणि तो तिनं उचलायचाच. २५० च्या वर दोन तास राहिली तर मी आकडा पाठवणार, "का" विचारणार नाही. मधल्या आकड्यांवर घरात कोणी बोलायचं नाही, माझ्या फोनवर त्यांचा अलार्मच ठेवलेला नाही. वाढदिवसाचा केक असला तर ती डोस घेऊन खाणार, तिच्या ताटाकडे कोणी बघायचं नाही. आणि रात्र आमची. या वयात मुलं अलार्मच्या आवाजातही गाढ झोपतात. रात्रीचा फोन मी आणि तिचे बाबा आलटून पालटून उशाशी घेतो. लो असली तर अर्धवट झोपेतच तिला ग्लुकोजचं पाणी पाजतो, सकाळी तिला आठवतसुद्धा नाही. तिनं निदान झोपेत तरी हा आजार आपल्या डोक्यावर घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

यामुळे एक झालं. आता ती स्वतःहून सांगते. "आज क्लासच्या आधी ६५ झाली होती, बिस्किटं खाल्ली, ठीक आहे." हे वाक्य मला अॅपवर कुठेच वाचायला मिळालं नसतं.

लग्नकार्यात अर्ध्या बाहीच्या ब्लाउजमधून चकती दिसते आणि कोणीतरी मावशी-काकू विचारतातच, "हे काय लावलंय? लपव गं, पुढे लग्नाचं बघायचंय." लेक सरळ सांगते, "मला टाइप वन आहे, हा सेन्सर आहे." मी तिच्या शेजारी उभी राहते. तिला लांब बाह्यांची सक्ती मी कधी करणार नाही.

शेवटी पैसे. आमच्याकडे सेन्सर पाच हजारांच्या आतबाहेर पडतो, म्हणजे महिन्याला दोन धरले की दहा हजार. इन्सुलिन, सुया, स्ट्रिपा वेगळ्या. आमच्या मेडिक्लेममध्ये हे बसलं नाही. माझ्याकडे शिलाईला येणाऱ्या एका बाईंचा मुलगाही टाइप वनचा आहे, त्यांनी मला विचारलं होतं, कर्ज काढून लावू का? मी नको म्हटलं. स्ट्रिप पंधरा-वीस रुपयांना पडते. आधी इन्सुलिन आणि स्ट्रिपा कधी कमी पडणार नाहीत एवढं बघा, रोज चार वेळा टोचून वहीत लिहा. त्यातून जमलं तर डॉक्टरांच्या भेटीआधी दोन आठवडे एकच सेन्सर लावा. चौदा दिवसांच्या त्या एका अहवालावर डॉक्टर पुढच्या दोन-तीन महिन्यांचे डोस बऱ्यापैकी बसवू शकतात. लावायचे दिवस निवडताना शाळेचे साधे दिवस घ्या, आणि त्या दिवसांत मुलानं काय खाल्लं, किती खेळलं, इंजेक्शन किती वाजता घेतलं ते रोज लिहून ठेवा. नुसत्या रेषेवरून डॉक्टरांना अर्धंच कळतं. त्या बाईंनी दिवाळीनंतर तसा एक लावला. वही त्यांचा मुलगाच लिहीत होता.